नळ खोलता येतो!

नळ खोलता येतो! चालू-बंद करण्याबद्दल बोलत नाहीये मी, अख्खा नळ खोलता येतो. पाना लावायचा, डावीकडे फिरवायचा, की आतला पितळी दांडा आट्यांवरून फिरत फिरत वर येतो आणि त्याच्या खालच्या टोकाला बसलेला असतो एक काळा, रबरी वायसर. बस्स! आमच्या स्वयंपाकघरातला नळ दिवसरात्र टपटपत होता, त्याचं सगळं दुखणं त्या एवढ्याशा चकतीत होतं. जुनी काढली, नवी घातली, दांडा परत बसवला, कॉक उघडला, नळ बंद केला आणि तोटीकडे बघत उभी राहिले. थेंब नाही! पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. नाहीच! मी इतक्या मोठ्याने ओरडले की आतल्या खोलीतून आई काय झालं म्हणून धावत आली. तिलाही तिथेच उभं करून मी नळ चालू-बंद करून दाखवला.

हे तुम्हाला आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे, कारण मला चाळिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत आर्किमिडीज शिकवला, पास्कल शिकवला, पण रोज ज्याच्याखाली हात धुतो त्या नळाच्या पोटात काय आहे हे कुणी दाखवलं नाही. आता दिसलंय, तर गप्प बसवत नाही.

घडलं ते आमच्या मजल्यावरच्या काकांमुळे. त्यांची सगळी नोकरी भोसरीच्या कारखान्यात फिटर म्हणून झालेली. काही कामाने दारात आले, आतून टपटप ऐकली आणि म्हणाले, "हा कधीपासून गळतोय गं?"

"प्लंबर आज येतो, उद्या येतो म्हणतोय, काका."

"प्लंबर कशाला? वायसर गेलाय. मी सांगतो, तू कर."

आणि खरंच, ते स्टूल ओढून बसले ते शेवटपर्यंत हात मागे बांधून. पाना त्यांनी घरून आणून दिला, पण लावला मीच. पाना हातात घ्यायच्या आधीच पहिला धडा: पाणी कुठून बंद होतं ते दाखव! सिंकच्या खाली भिंतीला एक छोटा अँगल कॉक असतो. तो नसेल तर मोरीत किंवा गच्चीत, टाकीकडून येणाऱ्या पाईपवर मुख्य कॉक असतो. घरातल्या प्रत्येकाला, अगदी शाळकरी पोरांनासुद्धा, हे कॉक माहीत हवेत असं काकांचं म्हणणं आहे, आणि मला ते शंभर टक्के पटलंय. मध्यरात्री पाईप सुटला तर फोन शोधण्याआधी कॉक सापडला पाहिजे. शिवाय हे कॉक अधूनमधून फिरवत राहायचे, नाहीतर क्षारांनी असे जाम होतात की गरजेच्या वेळी हलत नाहीत.

कॉक बंद केल्यावर नळ उघडून पाईपातलं उरलंसुरलं पाणी जाऊ द्यायचं. सिंकच्या जाळीवर फडकं टाकायचं, म्हणजे हातातून निसटलेला स्क्रू थेट गटारात जात नाही. दुसरं फडकं नळाभोवती गुंडाळायचं, कारण पितळेवर क्रोमची झिलई असते आणि पान्याच्या जबड्याने तिच्यावर ओरखडे उठतात. मुठीवरची टिकली नखाने उचकटली की खाली स्क्रू. स्क्रू काढला की मूठ निघते. मूठ निघाली की षटकोनी नट. आणि नट फिरला की...

वायसर तळहातावर घेऊन मी खिडकीपाशी गेले. रबर कडक झालेलं, नखाने दाबलं तरी दबत नव्हतं. आणि त्याच्यावर गोल, बारीक, कंपासने काढावी तशी खाच! ती खाच कशाची, हे नळाच्या पोटात डोकावल्यावर कळलं. तळाशी पितळेचं एक गोल तोंड असतं, पाणी त्यातून वर येतं. आपण नळ बंद करतो तेव्हा दांडा खाली सरकतो आणि वायसरला त्या तोंडावर दाबून धरतो. रोज, दर वेळी, तीच कड त्याच जागी रुतते. रबर कोवळं असतं तोवर दबतं आणि पाणी अडवतं. कडक झालं की खाचेतून पाणी वाट काढतं. मग आपण काय करतो? नळ आणखी जोरात आवळतो! त्याने खाच आणखी खोल होते आणि नळ आणखी गळतो. काकांनी मला त्या पितळेच्या तोंडावरून बोट फिरवायला लावलं. गुळगुळीत लागलं तर नुसता वायसर बदलायचा, कड खडबडीत लागली तर तिची दुरुस्ती जाणत्या माणसाकडून करून घ्यायची. आमची गुळगुळीत होती.

स्क्रूसारखा दांडा फिरवून पाणी अडवायची ही रचना इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या कारखान्याने १८४५ मध्ये आणली. म्हणजे पावणेदोनशे वर्षं झाली, आणि मूळ कल्पना जशीच्या तशी! आपल्याकडच्या अर्ध्याअधिक जुन्या मोऱ्यांमध्ये अजून तोच दांडा, तसाच वायसर पाणी अडवतो आहे.

मी काकांना विचारलं, सगळंच पितळेचं का नाही केलं, म्हणजे बदलायची भानगडच नको. ते हसले. "पितळेवर पितळ घासलं तर काय होईल? दोन्ही जातील. म्हणून एकाने झिजायचं ठरवलेलं असतं. जो स्वस्त, तो झिजतो." मग लेथ मशीनची गोष्ट सांगितली. लेथमध्ये मुद्दाम एक कच्ची पिन घालतात, शिअर पिन म्हणतात तिला. भार हाताबाहेर गेला की पिन तुटते आणि महागडे गिअर वाचतात. नवा पोरगा पिन तुटली म्हणून घाबरतो, जुना फिटर म्हणतो, बरं झालं, पिनने तिचं काम केलं.

हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. कारण मग मी घरभर शोधत सुटले. इथे झिजायला कोण नेमलंय? इथे वितळायला कोण? इथे गंजायला कोण? आणि अहो, सगळीकडे कुणी ना कुणी सापडतंच!

पण आधी बोहरी आळी. पुण्यात रविवार पेठेतल्या या गल्लीत आजवर मी फक्त दिवाळीच्या गर्दीत जीव मुठीत धरून शिरले होते. या वेळी हातात जुना वायसर घेऊन गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, नमुना आणलाय का?" आणि मी ऐटीत मूठ उघडली. हा नमुन्याचा नियम सोन्याहून पिवळा आहे. अर्धा इंची, पाऊण इंची, सपाट, फुगीर, भोकाचा, बिनभोकाचा, वायसरांचे इतके प्रकार असतात की वर्णन करून आणायला गेलात तर दोन खेपा ठरलेल्या. काढलेला भाग सोबत न्यायचा, विषय संपला. किंमत ऐकून मी पुन्हा विचारलं. इतक्या पैशात आज कटिंग चहासुद्धा येत नाही. मी मूठभर घेतले.

एक सांगून ठेवते. तुमचा नळ पाव वळणात पूर्ण उघडत असेल, तर त्यात वायसर नसेल. तिथे आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात, त्यांच्या खाचा जुळल्या की पाणी येतं. तो सगळा ठोकळाच बदलायचा, त्याला कार्ट्रिज म्हणतात. पद्धत तीच: कॉक, फडकं, पाना, नमुना.

त्याच दुकानात टेफ्लॉनची पांढरी टेप घेतली आणि तिची गोष्ट वाचून तर मी वेडीच झाले. ६ एप्रिल १९३८. अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी नवा वायू शोधत होता. एका सिलिंडरचा कॉक उघडला तर वायूच येईना. पण वजन केलं तर सिलिंडर भरलेला! दुसऱ्या कुणी तो भंगारात टाकला असता. यांनी तो चक्क करवतीने कापला. आत पांढरी, मेणचट भुकटी, कशालाही न चिकटणारी. तेच टेफ्लॉन. म्हणजे नळाच्या आट्यांवर आपण जी टेप गुंडाळतो तीही कुणीतरी बंद वस्तू खोलून बघितली म्हणूनच आपल्या हातात आली!

ती गुंडाळायची दिशा महत्त्वाची. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे. मग नळ घट्ट करताना टेप आट्यांत आणखी बसत जाते. उलटी गुंडाळली तर फिरवताना सुटून चुरगळते. पूर्वी प्लंबर यासाठी सफेदा आणि धागा वापरायचे, अजूनही जुने लोक वापरतात, आणि लोखंडी पाईपांना ते जास्त भरवशाचं वाटतं असं काका म्हणतात.

थेंबांचा हिशेब मी कागदावर मांडला. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर. दिवसाला चार लिटरच्या वर, वर्षाला दीड हजार लिटर. एका नळातून! उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात. त्यांच्याकडे बघताना मला आता बिल्डिंगमधले सगळे टपटपणारे नळ दिसतात.

तर, झिजायला नेमलेले इतर.

गिझर! गरम पाणी साठवणाऱ्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. मला तिचा पत्ताच नव्हता. टाकी पोलादाची, आतून लेप दिलेला, तरी लेपाला कुठे ना कुठे बारीक चीर असतेच. तिथे पाणी पोलादाला खाणार. पण मॅग्नेशियम पोलादापेक्षा चटकन खाल्लं जातं, म्हणून पाणी आधी कांडीवर तुटून पडतं आणि टाकी वाचते. कांडी संपली की टाकीची पाळी. ही युक्ती हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये मांडली, जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्याने खाल्ले जाऊ नयेत म्हणून. त्यांना त्याने जस्त किंवा लोखंड जोडलं, आणि तांब्याच्या ऐवजी ते झिजायला लागलं. दोनशे वर्षांपूर्वी जहाजासाठी काढलेली युक्ती आमच्या न्हाणीघरात भिंतीवर लटकते आहे!

मेकॅनिक सर्व्हिसिंगला आला तेव्हा मी त्याला सांगून ठेवलं की जुनी कांडी फेकायची नाही, मला दाखवायची. त्याने ती वर्तमानपत्रावर ठेवली. नव्या कांडीशेजारी ठेवल्यावर फरक असा दिसला की मी मोबाइलमध्ये फोटोवर फोटो काढले. नवी सरळ, जाडजूड, चंदेरी. जुनी जागोजागी खाल्लेली, खड्डे पडलेली, अर्ध्या लांबीत तर मधली पोलादी तारच उघडी. बोअरच्या जड पाण्याचा परिसर असेल तर वर्षा-दोन वर्षांनी कांडी तपासून घ्या. हे काम मात्र मेकॅनिककडूनच करून घ्यायचं, आपण फक्त आवर्जून विचारायचं, "रॉड बघितला का?" सर्व्हिसिंगच्या नावाखाली नुसता फडका मारून जाणाऱ्याला हा प्रश्न फार उपयोगी पडतो.

मग कुकर. झाकणावर शिटीच्या शेजारी ती छोटी बटणासारखी सेफ्टी व्हॉल्व्ह असते ना, तिच्यात चटकन वितळणारा मिश्रधातू असतो. शिटीची नळी तुंबली, आतलं पाणी संपलं, उष्णता हाताबाहेर गेली, की आधी तो वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. वितळायला नेमलेला! १६७९ मध्ये देनी पापँ या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबावर हाडं मऊ करणारं भांडं मांडलं, आणि दाब वाढला तर वाफ सुटावी म्हणून झडपही त्यानेच काढली. ही व्हॉल्व्ह गेली तर त्याच कंपनीची, त्याच मापाचीच घालायची. दुसरं काही त्या भोकात ठोकून काम भागवायचं नाही, कधीही नाही. आणि रोजची एक सवय आईने मला लावली, तिला तिच्या आईने लावली होती: डाळ-तांदूळ चढवण्याआधी झाकण उजेडाकडे धरून शिटीच्या नळीतून आरपार बघायचं. उजेड दिसला पाहिजे. डाळीचा फेस तिथे वाळून बसतो, आणि तुंबण्याची सुरुवात तिथूनच होते. रिंग सैल पडून बाजूने वाफ जायला लागली तर रिंग बदलायची. तीही झिजायलाच नेमलेली.

आणि मिक्सर! मिक्सर चालता चालता गप्प झाला की आपण त्याला मेलेला समजतो. उलटा करा. तळाशी एक छोटं बटण असतं, बहुतेक लाल. मोटारीवर भार जास्त झाला की ते आपोआप बाहेर येतं आणि वीज तोडतं. प्लग काढा, मोटार गार होऊ द्या, भांड्यातलं वाटण थोडं कमी करा, बटण दाबा. चालू! हे न कळल्यामुळे किती मिक्सर दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत उगाच जाऊन आले असतील!

मोटार घूंऽऽ करते आणि पातं फिरत नाही, असं झालं तर दोष कपलरचा. मोटारीच्या दांड्यावर बसलेला तो दातेरी प्लॅस्टिकचा किंवा रबराचा तुकडा. पातं अडकलं की हे दात तुटतात आणि मोटार वाचते. पुन्हा तेच! कपलर काढताना लक्षात ठेवायचं की बऱ्याच मिक्सरना त्याचे आटे उलटे असतात, उजवीकडे फिरवल्यावर सुटणारे. का? कारण चालताना मोटारीच्या झटक्याने तो सैल होऊ नये, उलट आणखी घट्ट बसावा. टेबल फॅनच्या पात्याचा नट असाच उलटा असतो. सायकलचं डावं पॅडलही! मी खाली जाऊन पार्किंगमधल्या सायकलला पाना लावून खात्री करून आले. उजवं पॅडल नेहमीसारखं, डावं उलटं. पायडल मारून मारून ते गळून पडू नये म्हणून. इतका विचार कुणीतरी करून ठेवलाय!

पावसाळ्यात आमचं न्हाणीघराचं दार फुगून चौकटीला घासायचं, आणि आम्ही दर वर्षी खांदा लावून ते ढकलत होतो. आता मला ठाऊक आहे की लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. आणि फुगतं ते जिथून ओल शिरते तिथून. दाराची वरची आणि खालची कड बघा, आरशाने बघा. रंगाऱ्याने तिथे सहसा ब्रश फिरवलेलाच नसतो! दोन्ही बाजूंना चकाचक ऑइल पेंट आणि वर-खाली उघडं लाकूड. तिथूनच ते दमट हवा पिऊन घेतं.

नेमकं कुठे घासतं ते शोधायला कार्बन पेपर. दार आणि चौकट यांच्यामध्ये धरायचा, दार बंद करायचं, जिथे काळं उमटलं तिथेच घासतंय. तेवढ्याच जागी पॉलिश पेपर. सुताराचा रंधा मात्र भर पावसात फिरवू नये. आज बरोबर बसणारं दार दिवाळीपर्यंत वाळून आकसतं आणि मग बोट जाईल एवढी फट राहते. थंडीत लाकूड वाळलं की हवं तेवढं तासून घ्यायचं, आणि त्याच दिवशी कडांना रंग.

पण रंध्याच्या आधी बिजागऱ्या! दार खाली लटकलं असेल तर दोष बहुधा वरच्या बिजागरीचा. तिचे स्क्रू नुसते फिरतात, धरतच नाहीत, कारण भोक मोठं झालेलं असतं. काड्यापेटीतल्या काड्या घ्या, गूल मोडून टाका, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च कोंबा, वाळू द्या, बाहेरचा भाग कापा. मग स्क्रू पिळा. नव्या लाकडात पिळल्यासारखा करकरत आत जातो. तो करकर आवाज मला इतका आवडला की आमच्या घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या आता पक्क्या झाल्या आहेत, आणि समोरच्या वहिनींच्याही.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत, बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी जायला. ती धुळीने आणि कबुतरांच्या कचऱ्याने बुजतात, पट्टी भरते आणि पाणी घरात ओघळतं. जुना टूथब्रश आणि लोकरीची सुई, पाच मिनिटांचं काम. मग त्याच पट्टीवर मेणबत्ती घासा, खिडकी एका बोटाने सरकते. कुलूप जड चाललं तर त्यात तेल घालू नका, तेलावर धूळ चिकटते. पेन्सिलीचं शिसं चाकूने खरवडून त्याची पूड चावीला लावा आणि चावी आत-बाहेर करा.

नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढता येते, हे तुम्हाला माहीत होतं का? धार तिरपी-तारपी यायला लागली की त्या जाळीत पांढरे खडे अडकलेले असतात. जड पाण्यातले क्षार ते. वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकली की बुडबुडे यायला लागतात, खडे विरघळून त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. मी वाटीला कान लावून ऐकलं, बारीक चुरचुर ऐकू येते! शॉवरला व्हिनेगरची पिशवी रबरबँडने बांधून रात्रभर ठेवायची. लिंबाच्या रसानेही होतं, जरा सावकाश. फक्त हे शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर सांडू द्यायचं नाही. ते दगडही त्याच कुळातले, त्यांच्यावरही बुडबुडे येतात आणि चमक कायमची जाते.

विजेपुढे आणि गॅसपुढे मात्र माझा उत्साह हात जोडून उभा राहतो. तिथे मी खोलत नाही, फक्त बघते आणि समजून घेते. थ्री-पिनची वरची पिन जाड आणि लांब का, बघितलंत? ती अर्थिंगची. लांब असल्याने प्लग घालताना ती सगळ्यांत आधी लागते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते, म्हणजे विजेचा संबंध आहे तोवर संरक्षण आहे. जाड असल्याने दुसऱ्या भोकात जातच नाही. आणि मीटरशेजारच्या पेटीत आरसीसीबी असेल, ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं, तर तिच्यावर टी लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवायचं. गॅसच्या जोडावर शंका आली तर साबणाचा फेस लावायचा, फुगे आले की गळती. काडी ओढून बघायची नाही. वास आला तर शेगडी आणि रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण दाबायचं नाही, आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन.

आता माझ्याकडे बुटांच्या खोक्यात माझी स्वतःची हत्यारं आहेत: जबडा मागे-पुढे होणारा पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, टेफ्लॉन, एम-सीलची पुडी, पॉलिश पेपर, जुने टूथब्रश आणि वायसरांची डबी. काकांनी खोकं बघितलं आणि त्यांच्याकडची छोटी कानस त्यात घातली. "ही तुला," म्हणाले. मला पैठणी मिळाली असती तरी इतका आनंद झाला नसता.

सध्या मी फ्लशच्या टाकीच्या मागे आहे, आणि यात तुम्हाला आज रात्रीच सामील करून घेणार आहे. फ्लशची टाकी आवाज न करता गळते, त्यामुळे कळतच नाही. काय करायचं, झोपण्याआधी टाकीचं झाकण उचला आणि आत कपड्यांच्या निळीचे थोडे थेंब टाका. फ्लश करू नका. सकाळी सगळ्यांत आधी भांड्यात बघा. पाणी निळं दिसलं तर टाकी रात्रभर गळत होती. मग टाकीत बघा. पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढलं असेल, तर तरंगणारा फुगा वर राहिलाय, त्याचा स्क्रू फिरवून तो खाली घ्या. पाणी त्याच्या खाली असेल, तर तळाचं रबर गेलं. कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, रबर काढा, आणि बोहरी आळीत जाताना नमुना न्यायला विसरू नका!